कापड कामाचा जागतिक इतिहास: या वाटेला निघालेल्यांचे नेहमीचे प्रश्न

एम.ए.ची मुलं, पीएचडीच्या उंबरठ्यावरचे काही जण आणि गिरणगावात वाढलेले निवृत्त वाचक हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवतो आहे. काही उत्तरांत माझी मतं शिरली आहेत, ती तुम्हाला ओळखू येतीलच.

कापड कामाचा जागतिक इतिहास म्हणजे नेमकं काय? जगभरच्या गिरण्यांची माहिती?

नाही. माहिती गोळा करून भागत नाही, एखादा प्रश्न घेऊन फिरावं लागतं. एक उदाहरण देतो.

१९११ च्या जनगणनेत मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. कोकणातल्या घरातून मुलगा किंवा नवरा मुंबईला जायचा. बायको गावी राहून शेत, गुरं आणि सासू-सासरे सांभाळायची आणि मनिऑर्डरची वाट बघायची. आता अमेरिकेतलं लोवेल पाहा. १८३० च्या दशकात तिथल्या गिरण्यांत न्यू हॅम्पशायर, व्हरमाँटकडच्या शेतकऱ्यांच्या अविवाहित मुली येत. कंपनीच्या वसतिगृहात राहत, काही वर्षांनी परत जाऊन लग्न करत. जपानच्या सूतगिरण्यांतही खेड्यातल्या कोवळ्या मुली होत्या, त्याही कंपनीच्या वसतिगृहात. कापूस तोच, यंत्रंही बरीचशी एकाच घराण्यातली. मग तिथल्या शेतकऱ्याने मुलगी पाठवली आणि आपल्याकडच्याने मुलगा, असं का?

'आपली संस्कृती' एवढ्या उत्तरावर थांबू नका. कोकणात भातशेतीचं कोणतं काम कुणाच्या अंगावर होतं, जमिनीचा खंड कोण भरत होतं, मुलीचं लग्न किती लवकर व्हायचं, मुंबईत डोकं टेकायला जागा कुणाला मिळायची, रात्रपाळी होती की नव्हती, हे सगळं बघावं लागतं. असा प्रश्न तीन ठिकाणी नेऊन तीन वेगळी उत्तरं आणली आणि त्यांचा एकमेकींशी संबंध लावला, की जागतिक इतिहास सुरू होतो.

कापडाच्या व्यापाराचा इतिहास आणि हा, यात फरक आहे का?

आहे. तिथे गाठोडं जहाजावर चढल्यापासून गोष्ट सुरू होते. इथे ते बांधलं जाण्याआधीच्या हातांची गोष्ट असते. दोन्हींची गरज आहे, पण पहिल्यावर पुस्तकांचे ढीग आहेत.

ही अभ्यासशाखा कुठून आली?

कामगार इतिहास बराच काळ आपापल्या देशाच्या चौकटीत लिहिला गेला. इंग्रजांनी लँकेशायरचा, म्हणजे त्यांच्या कापड गिरण्यांच्या प्रदेशाचा लिहिला, आपण मुंबई, अहमदाबाद, कलकत्त्याचा. १९९० नंतर ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय सामाजिक इतिहास संस्थेने (स्थापना १९३५) 'जागतिक कामगार इतिहास' हा आग्रह धरला. मार्सेल व्हॅन डर लिंडन आणि यान लुकासन ही त्यातली मोठी नावं. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्यात पगारावर काम करणारा पुरुष एवढ्यालाच 'कामगार' म्हटलं तर जगातले बहुसंख्य कष्टकरी इतिहासाबाहेर राहतात. घरी सूत काढणारी बाई, उचल घेऊन अडकलेला विणकर, गुलाम, कैदी ही सगळी त्या इतिहासात यायला हवीत.

याच संस्थेने १६५० ते २००० या साडेतीनशे वर्षांतल्या कापड कामगारांवर मोठा सामूहिक प्रकल्प हाती घेतला. देशोदेशीच्या अभ्यासकांना एकच प्रश्नावली देऊन आढावे लिहून घेतले, २००४ मध्ये त्यावर परिषद भरवली आणि २०१० मध्ये त्याचा जाडजूड ग्रंथ निघाला. देशांचे आढावे आधी आणि मग स्त्री-पुरुष विभागणी, संघटना, स्थलांतर असे आडवे धागे, अशी त्याची वीण. ग्रंथ मोलाचा आहे. पण मला त्यातून एक धडा मिळाला: आढावे शेजारी ठेवले म्हणून तुलना आपोआप होत नाही.

भारतातही १९९६ मध्ये कामगार इतिहासकारांची राष्ट्रीय संघटना झाली. नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेबरोबर तिने कामगार चळवळीच्या कागदपत्रांचा डिजिटल संग्रह उभा केला.

मग तुलनेची सुरुवात कुठून करायची?

हाताच्या हालचालीपासून. माझं आवडतं उदाहरण धोट्याचं आहे (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणारा तुकडा) आणि ते मी प्रत्येक वर्गात सांगतो, कंटाळलेल्यांनी पुढच्या प्रश्नाकडे जावं.

जुन्या यंत्रमागावर धोट्यातली सुताची कांडी संपली की नवी घालायची आणि तिचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. हाताने वेळ जातो, म्हणून विणकर भोकाला ओठ लावून श्वासाने धागा ओढून घेत. लँकेशायरमध्ये याला 'धोट्याचं चुंबन' म्हणत. नाव गोड, पण त्या श्वासाबरोबर कापसाची धूळ, खळ आणि आधीच्या माणसाची थुंकीही तोंडात जायची. एकच धोटा अनेकांच्या तोंडी लागत असल्याने क्षयाची धास्ती होती. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये असल्या धोट्यांवर कायद्याने बंदी घातली. त्याच राज्यात १८९० च्या दशकात नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग बाजारात आला होता. त्यात कांडी आपोआप बदलायची आणि ओठ लावायची गरजच संपायची.

मुंबईत हाच धोटा, हेच ओठ. पण इथे तो आरोग्याचा प्रश्न म्हणून पुढे आला नाही. विणाई खात्यात पगार बरा होता आणि तिथे दलित कामगारांना घेत नसत. कारण काय, तर त्यांच्या तोंडचा धागा सवर्ण विणकराच्या तोंडी येईल. त्यांची जागा सूतकताईच्या खात्यात, कमी पगारावर. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मुद्दा उघडपणे मांडला आणि कामगार एकजुटीच्या घोषणा देणाऱ्या पुढाऱ्यांची पंचाईत झाली.

तंत्र एकच, पण मॅसॅच्युसेट्समध्ये त्यातून आरोग्याचा कायदा निघाला आणि मुंबईत जातीची भिंत उभी राहिली. माझ्या मते तुलना म्हणतात ती ही. देशांची नावं वर लिहून खाली आकड्यांचे रकाने भरले, तर यातलं काहीही हाती लागत नाही.

लँकेशायरचा विणकर चार माग चालवायचा, मुंबईचा दोन. मग आपले कामगार खरंच ढिले होते का?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि विचारणारा बहुतेक वेळा अर्थशास्त्राचा असतो.

१९८७ मध्ये ग्रेगरी क्लार्क या अर्थ-इतिहासकाराने एक निबंध लिहिला. १९१० च्या सुमाराची आकडेवारी मांडून त्याने दाखवलं, की न्यू इंग्लंडमधला (अमेरिकेच्या ईशान्येकडचा) एक गिरणी कामगार दीड ब्रिटिश कामगारांएवढं काम करायचा आणि भारतीय, चिनी, जपानी किंवा ग्रीक कामगारांच्या तुलनेत जवळजवळ सहांएवढं. यंत्रं सारखीच असताना हे कसं, असा त्याचा सवाल. त्याने एकेक कारण तपासून बाजूला सारलं आणि शेवटी स्थानिक संस्कृतीकडे बोट दाखवलं. त्यावरचा वाद अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर आकडा खोटा नाही, त्याचा अर्थ घाईने लावलाय. मुंबईच्या गिरण्यांत आखूड धाग्याचा कापूस जायचा, स्वस्त मिश्रणं वापरली जायची, त्यामुळे सूत वारंवार तुटायचं. तुटलेला धागा जोडायला माणूस लागतो. मजुरी इतकी कमी होती, की चांगला कापूस घेण्यापेक्षा जास्त माणसं ठेवणं मालकाला परवडायचं. शिवाय जास्त माग म्हणजे कमी माणसं, हे कामगारांना पक्कं कळत होतं. १९२० च्या दशकात मालकांनी दोनाऐवजी तीन माग, सूतयंत्राच्या एका बाजूऐवजी दोन बाजू असं 'सुसूत्रीकरण' आणलं. १९२८ चा सहा महिन्यांचा सार्वत्रिक संप ज्यावर पेटला, त्यातली ही एक मोठी ठिणगी. ज्याला बाहेरून ढिलाई म्हणतात, ती आतून नोकरी वाचवण्याची झटापट असू शकते. त्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट चौकशी समितीपुढच्या साक्षी वाचा, आठवडा जाईल पण डोळे उघडतील.

जॉबर हा फक्त आपल्याकडचा प्रकार का?

मुळीच नाही. कामावर घेणारा, काढणारा, उधार देणारा, खोली बघून देणारा आणि या सगळ्यावर दस्तुरी खाणारा मधला माणूस जिथे तिथे आहे. मुंबईत तो जॉबर किंवा मुकादम, कलकत्त्याच्या ताग गिरण्यांत सरदार. मुंबईत रिळं भरणाऱ्या बायकांवर देखरेख करणारी नाईकीण असे. शांघायच्या सूतगिरण्यांत तिला 'नंबर वन' म्हणत, आणि हे इंग्रजी शब्द चिनी बोलीत मोडून रुळले होते. अशा बाईला सणावारी भेट द्यावी लागे, तिच्या गावची असाल तर आत शिरणं सोपं.

पण 'सगळीकडे सारखंच' म्हणून थांबू नका. बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरता घेतला जाणारा, गेटवर रोज सकाळी उभा राहायचा, तो कुणाच्या नजरेत भरला की आत जायचा, आणि १९३० च्या दशकात बदली कामगारांची नोंद ठेवली जाऊ लागल्यावर जॉबरचं वजन किती घटलं, हे प्रत्येक शहरात वेगळं पाहावं लागतं.

साधनं कुठे मिळतात?

मुंबईत महाराष्ट्र राज्य अभिलेखागार हे पहिलं दार. सरकारी खात्यांचे खंड तिथे आहेत. जाण्यापूर्वी वाचनकक्षाच्या वेळा आणि परवानगीची कागदपत्रं विचारून घ्या. मी एकदा शिफारसपत्रावर शिक्का नाही म्हणून पावसात परत आलो आहे. गिरणीमालक संघ १८७५ चा, त्याचे वार्षिक अहवाल आकडेवारीसाठी अटळ. १९२१ पासून निघालेलं मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाचं मासिक, त्यातले संपांचे तक्ते, १९२३ चा कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाचा अहवाल हे सगळं छापील आहे आणि बरंचसं आता संगणकावर वाचता येतं. दिल्लीत तीन मूर्ती भवनातल्या ग्रंथालयात आयटक या अखिल भारतीय कामगार संघटनेचे कागद आहेत. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात कम्युनिस्ट नेते पी. सी. जोशी यांच्या नावाचा संग्रह आहे.

परदेशात लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतले इंडिया ऑफिसचे दप्तर सगळ्यांना ठाऊक असतं. कमी लोक जातात ते प्रेस्टनला. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीचे कागद तिथल्या लँकेशायर अभिलेखागारात आहेत. मुंबई आणि ओसाका या दोन्ही ठिकाणी यंत्रं पुरवणारी ही कंपनी. एकाच कारखान्यातून निघालेली यंत्रं दोन शहरांत पोचल्यावर त्यांच्यापाशी वेगवेगळी माणसं कशी उभी राहिली, या प्रश्नावर कुणीतरी मराठी मुला-मुलीने काम करावं अशी माझी फार इच्छा आहे. धागा आणखीही आहे: जपानच्या निप्पॉन युसेन काइशा या जहाज कंपनीची मुंबई-कोबे सेवा १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या सहकार्याने सुरू झाली, ती आपला कापूस तिकडे न्यायला. काही वर्षांत त्याच कापसाच्या सुताने चीनच्या बाजारातून मुंबईच्या सुताला हुसकावलं.

मराठी येते, याचा जागतिक इतिहासात काय उपयोग?

सर्वांत जास्त. हे मी दिलासा म्हणून सांगत नाही.

सरकारी चौकशी आयोगांपुढच्या कामगारांच्या साक्षी इंग्रजीत छापल्या आहेत, पण त्या दिल्या होत्या मराठीत, गुजरातीत, हिंदुस्थानीत. मधे दुभाषा बसलेला. कम्युनिस्ट आणि कामगार पुढाऱ्यांवरच्या मीरत खटल्याच्या (१९२९ ते १९३३) दप्तरात गिरणगावातल्या सभांची भाषणं पोलिसांनी टिपून घेतलेली आहेत. इंग्रजी भाषांतरात एखादं वाक्य विचित्र वाटलं की मराठी वाचकाच्या कानात मूळ म्हण वाजते आणि अर्थ पालटतो. 'दीनबंधु' पत्र नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० मध्ये मुंबईत आणलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली त्यामागे त्यांची खटपट होती. १९२७ पासूनचं 'क्रांती' साप्ताहिक, आंबेडकरांची 'बहिष्कृत भारत' आणि 'जनता' ही पत्रं बाहेरचे बहुतेक संशोधक दुसऱ्याच्या उताऱ्यांवरून वाचतात. तुम्ही मुळातून वाचू शकता.

आणि शब्द. थ्रॉसल नावाचं सूतयंत्र कामगारांच्या तोंडी 'त्रासन' झालं. हा नुसता अपभ्रंश की त्यात काही टोमणाही आहे, हे मला ठरवता आलेलं नाही.

मोडी? गिरणीच्या काळातलं छापील साहित्य बाळबोधेत (देवनागरीत) आहे, मोडीवाचून अडत नाही. पेशवाईतले विणकर, पैठण-येवल्याचे व्यवहार, सावकारांच्या वह्या यांच्याकडे वळणार असाल तर मात्र मोडी शिकाच. वर्ग पुण्या-मुंबईत चालतात, आणि रोज सराव ठेवला तर काही महिन्यांत वाचता येऊ लागते.

मुंबईच्या गिरण्यांवर सगळं लिहून झालंय ना?

१९८२ च्या संपावर बरंच आहे. १८ जानेवारीला सुरू झालेला, अडीच लाख कामगारांचा, दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा तो संप आपल्या आठवणींवर असा पसरून बसलाय, की त्यामागचं आणि त्याच्या आजूबाजूचं दिसत नाही.

सोलापूर घ्या. तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर, हातमाग, यंत्रमाग आणि गिरण्या एकाच गावात. शिवाय इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट. तिथली माणसं हजेरी देऊन गिरणीत कामाला जात आणि परत कुंपणात येत. हा कामगार मोकळा की बांधलेला? ॲम्स्टरडॅममध्ये ज्या प्रश्नावर परिषदा भरतात, त्याचं जितंजागतं उदाहरण सोलापूरच्या रेल्वे स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर आहे.

इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला. मालेगाव, भिवंडीत उत्तरेकडून आलेल्या मोमिन विणकरांची वस्ती, त्यातले पुष्कळ १८५७ नंतरच्या धामधुमीत आलेले. ब्याऐंशीच्या संपानंतर मुंबईचं काम भिवंडीच्या मागांवर गेलं. गिरणी 'मेली' असं आपण म्हणतो, पण काम मेलं नाही, शहर सोडून गेलं, तेही कायद्याच्या नजरेआड. लँकेशायरमधलंही मुंबई आणि ओसाकाकडे असंच सरकलं होतं.

आणि खानावळी. गावाकडून एकट्या आलेल्या पुरुषांना जेवू घालणाऱ्या बायका गिरणीच्या हजेरीपटावर नव्हत्या, म्हणून त्या 'कामगार' नव्हत्या का? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत साधारण पाचांत एक बाई होती, पुढे ती संख्या घसरत गेली. त्या बायका गेल्या कुठे, हा प्रबंधाचा विषय आहे.

पीएचडी करायची तर पैशांचं काय?

नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, पुढे एसआरएफला (वरिष्ठ अधिछात्रवृत्तीला) ४२,०००. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या सरकारी संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. जाहिराती अनियमित निघतात, रक्कम उशिरा येते, तेव्हा सहा महिन्यांची तजवीज हाताशी ठेवा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि कमाल सहा वर्षं.

नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा पगारी नोकरी असते. प्रकल्पाची जाहिरात निघते आणि तुम्ही अर्ज करता. ब्रिटनमध्ये आधी प्रवेश आणि मग शिष्यवृत्तीची मारामार.

प्रबंध मराठीत लिहिला तर जगाला कळेल का?

जगाला नाही कळणार, पण ज्यांच्याबद्दल लिहिलाय त्यांच्या नातवंडांना कळेल. दोन्ही हवं असेल तर प्रबंध मराठीत आणि त्यातला एक चांगला लेख इंग्रजीत, असा मार्ग मी सुचवतो. सहकारी याला दुप्पट मेहनत म्हणतात, आणि ते बरोबर आहेत.

नोकरी मिळते का?

कमी. तासिका तत्त्वावर बरीच वर्षं जातात. हे माहीत असूनच या.

मुलाखती घेताना काय सांभाळायचं?

'तुमचा लढा सांगा' असं विचारलं की पाठ केलेलं भाषण मिळतं. 'पहिल्या पाळीला किती वाजता उठायचात? डबा कोण करायचं? धागा तुटला की आधी कोणता हात जायचा?' असं विचारा. बहुतेक वेळा हात आपोआप हवेत हलू लागतात, तेव्हा गप्प बसून बघा आणि जमल्यास चित्रीकरण करा. परवानगी आधी घ्या, तीही घरच्यांची नव्हे, त्या माणसाची. बायकांची मुलाखत मुलगा किंवा जावई समोर नसताना घ्या, नाहीतर उत्तरं तेच देतात.

मी चालू गिरणी कधी पाहिलेली नाही. अडेल का?

अडेल. लोवेलमध्ये १९७८ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, तिथल्या बूट गिरणीत जुने माग चालवून दाखवतात आणि बघ्यांच्या कानात घालायला बोळे देतात. तितक्या लांब जायला नको. इचलकरंजीत कुणाच्या ओळखीने यंत्रमागाच्या शेडमध्ये अर्धा तास उभे राहा. शेजारचा माणूस ओरडून बोलला तरी ऐकू येत नाही. लँकेशायरच्या विणकर बायका ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखत, ते का, हे तिथे एका मिनिटात समजतं.

घरात आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र आणि पगाराच्या चिठ्ठ्या सापडल्या आहेत. काय करू?

लॅमिनेशन करू नका. चिकटपट्टी, स्टेपल, रबरबँड नको. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, मागे पेन्सिलीने काही लिहिलं असेल तर तेही. खातं, तिकीट नंबर, पाळी, कपातीच्या रकमा वेगळ्या कागदावर उतरवा. मग ते सगळं घेऊन घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि कपात कशाची होती ते विचारा. सोसायटीचं कर्ज, दंड, खराब कापड गळ्यात मारलेलं, काहीही निघेल. मुळ कागद आम्लरहित कागदाच्या पाकिटात, माळ्यावर नव्हे, कोरड्या कपाटात ठेवा.

आणि आजीच्या नावाची चिठ्ठी आहे का, तेही एकदा बघा.